होडीतला हीटर आणि खाडीतली जागा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथी झाली आणि शाळा सुटली. माझं माहेर पेणच्या बाजूचं, मिठागराचं. पुढची शाळा लांब होती आणि मीठ ओढायला घरात हात कमी पडत होते. त्यानंतर लिहिलं ते फक्त सहीपुरतं. चारचौघांत मला बोलता येत नाही, तोंड उघडलं की घसा कोरडा पडतो. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहिते आहे. कुणी वाचावं असं काही नाही.

लिहायचं कारण एवढंच, की आमच्या होडीतल्या हीटरची गोष्ट गावात अजून सांगतात. हळदीच्या मांडवात सांगतात, बंदरावर जाळी शिवता शिवता सांगतात. कोकणात हीटर, तोही होडीत, म्हटल्यावर ऐकणारा हसणारच. मी जवळपास असले तर आवाज जरा खाली करतात. त्या गोष्टीत एक छातीचा रोगी असतो आणि त्याची येडी बायको असते. ती बायको मी. सांगणारे जे सोडून देतात ते मला माहीत आहे.

मला दिलं ते रोह्याजवळ खाडीकाठच्या गावात. नवरा धाटावला एका कंपनीत ठेकेदाराकडे होता. टाक्या आतून धुवायचं काम. आत उतरायचं, खरवडायचं, वर यायचं. त्याचे कपडे मी वेगळ्या बालदीत भिजवायची, नाहीतर लुगड्यांना वास लागायचा. शिफ्ट सुटली की तो खाडीत जायचा. मग हळूहळू छाती वाजायला लागली. ठेकेदार म्हणाला, "आराम कर, बरा झालास की ये." जरा बरं वाटल्यावर हा गेला, तर गेटवर त्याचं नाव नव्हतं. ठेकेदारही बदलला होता. नवा म्हणाला, "मी तुला कुठं ओळखतो?" कंपनी आणि ठेकेदार, दोघांनी मिळून माझ्या नवऱ्याची छाती खाल्ली आणि दोघांपैकी कुणालाच त्याचं नाव आठवत नव्हतं.

मग राहिली ती खाडी. खाडीत आमच्या घराची एक जागा होती. जागा म्हणजे पाण्यात ठोकलेले दोन खुंट. त्यांना पिशवीसारखं जाळं बांधायचं, पाणी ओढीला लागलं की कोळंबी, बोयटं, कधी जिताडा त्यात शिरतो, आणि पाणी थांबायच्या आत जाळं उचलायचं. गावात अशा जागा घराघराच्या ठरलेल्या आहेत. त्याला सातबारा नाही. नारळी पुनवेला पंच बंदरावर बसतात, एकेका जागेचं नाव घेतात, त्या घरचा माणूस उठून नारळ देतो, झालं. पण हंगामात जाळं लागलं नाही आणि जागा रिकामी राहिली, तर पुढच्या पुनवेला पंच ती दुसऱ्याला देतात. आजारी होतो म्हणून सांगितलं तर म्हणतात, खाडी आजारी नव्हती ना.

म्हणजे पौष असो, माघ असो, नवऱ्याला जायलाच हवं होतं. लोक म्हणतात कोकणात थंडी कुठं असते. त्यांनी पहाटे खाडीच्या पाण्यावर बसून बघावं. धुकं अंगावर बसतं, बनियनच्या आत शिरतं. धडधाकट माणूस कुडकुडतो. ह्याची तर छाती आत बसायची, ओठ जांभळे व्हायचे. आणि जाळं उचलल्यावर पुढच्या पाण्याला पुन्हा जायचं, मधल्या वेळात घरी यायचं तर चिखल तुडवून बांध चढायचा, एवढा दमच नव्हता. म्हणून तो होडीतच पडून राहायचा. होडीवर फळ्या ठोकून एक खोपटी केली होती, दोन माणसं वाकून बसतील एवढी. तिला सगळे केबिन म्हणायचे. मी आत कोळशाची शेगडी ठेवून बघितली. धुरानं तो इतका खोकला की शेगडी उचलून त्यानंच पाण्यात फेकली.

"थंडीनं मेलो तर चालंल गो," म्हणाला, "धुरानं नको."

तेव्हा हीटरचं कुणीतरी सांगितलं. धाटावच्या रस्त्यावर एक मेकॅनिक होता, ट्रकचं काम करायचा. उत्तरेकडे बर्फात जाणाऱ्या ट्रकमध्ये ड्रायव्हरला झोपायला डिझेलवर चालणारा हीटर असतो, तसा एक त्याच्याकडे जुना पडला होता. नवऱ्याबरोबर मी बघायला गेले. डब्याएवढी लोखंडी पेटी, मागून गार हवा घेते, पुढून गरम सोडते. आतल्या आत डिझेल जळतं आणि त्याचा धूर वेगळ्या नळीनं बाहेर जातो.

"भाभी, टेन्शन नाय," मेकॅनिक मला म्हणाला. "धूर बाहेर, गर्मी अंदर. काश्मीरमधी ड्रायवर लोक यावर घोरतात."

 मी पेटीपुढे हात धरला, आणि ती ऊब हाताला लागली तेव्हा मी ठरवून टाकलं. त्या उबेला कसलाच वास नव्हता.

पैसे दिले धाकट्या दिरानं. तो नागोठण्याच्या बाजूला मोठ्या कंपनीत कायम आहे. गावातच आमच्या घराला लागून त्यानं स्लॅबचं घर बांधलं. मी त्यांना भावजी म्हणते. नवऱ्याला मागवेना, म्हणून मी गेले, जाऊबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि जमिनीकडे बघून सांगितलं. भावजी जेवत होते.

"हीटर? होडीत?" त्यांचा घास हातातच राहिला. "वहिनी, एसी नको ना? नाय, एकदाच सांगा, दोन्ही घेऊन टाकू."

जाऊबाई हसल्या. मीही हसले, कारण पैसे हवे होते. त्यांनी दिले. देताना म्हणाले, "भाऊ हाय म्हणून. दुसरा असता तर उठवला असता." ते वाक्य मी पुढे किती वेळा ऐकलं ते सांगत नाही.

हीटर बसवला त्या दिवशी बंदरावर ही गर्दी. मेकॅनिक होडीत पहिल्यांदाच चढत होता. चपला हातात धरून, पाय कुठं ठेवावा ते न कळून उभा. पोरं खिदळत होती. त्यानं पेटी फळीखाली बोल्टनं आवळली. डिझेलचा प्लास्टिकचा डबा कोपऱ्यात बांधला. त्याला एक बोटाएवढा पंप होता, तो जरा तिरकाच टांगावा लागतो म्हणाला, नाहीतर हवा धरतो. बॅटरी इंजिनाचीच. राहिली धुराची नळी. तिच्यासाठी होडीच्या अंगाला भोक पाडायचं होतं. मागच्या बाजूला इंजिन आणि सुकाणू, तिथं जागा नव्हती. म्हणून त्यानं उजव्या अंगाला, केबिनच्या खाली, खडूनं गोल काढला.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, काठावर बसले होते. होडीला भोक पाडायचं म्हणजे घरच्या लेकीचे कान टोचण्यासारखं, म्हणून त्यांनी हळदकुंकू आणि नारळ आणवला होता. खडूचा गोल बघून ते उठलेच.

"ए बाबा, तिथं नाय."

"काका, हीच बरोबर जागा हाय."

"वर वाच काय लिवलंय."

वर देवीचं नाव होतं, लाल रंगात, त्याच्या बाजूला पिवळी फुलं काढलेली. दर मंगळवारी मी तिथं झेंडूची माळ बांधायची.

"देवीच्या अंगावर धूर सोडतोस? दुसऱ्या अंगाला पाड."

मेकॅनिकनं माझ्या नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं मामांकडे. बंदरावरचे सगळे म्हणाले, म्हातारा बरोबर बोलतोय. मलाही तेच वाटलं. देवीला धूर नकोच. मेकॅनिकनं खडू पुसला, डाव्या अंगाला गोल काढला, मामांनी तिथं कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि भोक पडलं. सागाचा भुसा पाण्यावर तरंगत गेला. नळी बसवली, आतल्या सांध्याला पत्र्याची पट्टी आवळली आणि वरून पांढरी फीत गुंडाळली.

आमच्या बंदराचा काठ उतरता आहे. पाणी उतरलं की होडी चिखलात बसते आणि डाव्या अंगावर कलते. कायम डाव्याच. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण त्या दिवशी भरती होती, होडी पाण्यावर सरळ उभी होती, आणि सगळ्यांचं लक्ष देवीकडे होतं.

गावाला नवीन खेळणं मिळालं. बायका पाणी भरताना म्हणायच्या, "काय गो, आगबोट कधी सुटते तुमची?" एक म्हातारी म्हणाली, "पापड आणून देते, भाजून देशील?" बंदरावरचे नवऱ्याला म्हणायचे, "आम्हाला एक दिवस झोपायला दे रे, हनिमून करतो." तो हसायचा. पुष्कळ दिवसांनी तो हसत होता, म्हणून मी कुणाचा राग धरला नाही. भावजी सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन आले आणि हीटर चालू करून दाखवला, जसा काही त्यांनीच बसवला. "भावासाठी केलं," म्हणाले. मित्र मान डोलवत होते.

आणि खोटं कशाला लिहू, ते थोडे दिवस चांगले गेले. मी सकाळी पाटी घेऊन मासळी घ्यायला जायची तेव्हा केबिनमधून पंपाची टिकटिक ऐकू यायची. फळी सरकवली की आत उबदार, नवरा घोंगडीशिवाय झोपलेला, तोंडावर रंग. एकदा मीही आत बसले. लुगड्याचा ओला काठ हवेपुढे धरला. तो म्हणाला, "बस गो जरा, मासळी काय पळून जात नाय." लग्न झाल्यापासून असं नुसतं बसलेलं मला आठवत नाही.

हीटर बसवला ते भांगाचे दिवस होते. त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही, होडीखाली थोडं पाणी राहतं. मग अमावस्येचं उधाण आलं. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं. त्या दिवशी जाळं उचलून नवरा बंदराला आला, होडी बांधली आणि हीटर लावून झोपला. पाणी उतरत गेलं. होडी चिखलात बसली, डाव्या अंगावर कलली आणि धुराची नळी चिखलात गेली.

मी गेले तेव्हा ऊन पडलं होतं. टिकटिक चालू होती. बाहेर धूर मात्र कुठं दिसत नव्हता. मला लगेच काही कळलं नाही, पण पाटी खाली ठेवली आणि चिखलात उतरले. गुडघ्यापर्यंत पाय जात होते. हाक मारली, उत्तर नाही. फळी सरकवली तर आतून घाण वाफ आली. नवऱ्याचं तोंड लालबुंद, झोपेत असल्यासारखं. मी त्याच्या बगलेत हात घालून ओढलं. त्या दिवशी माझा आवाज सगळ्या गावानं ऐकला. चारचौघांत न बोलणारी मी कशी ओरडले ते गोष्टीत अजून सांगतात, नक्कल करून.

रोह्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून पुढे पाठवलं. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर संपलं होतं. चिखलानं नळी बंद झाल्यावर धूर आतल्या सांध्यातून केबिनमध्ये आला होता. धुराला घाबरणारा माणूस असा धुरातच पडून राहिला, आणि त्या उबेला वास नाही म्हणून मी खूश झाले होते. वाचला, पण डोकं जड राहिलं, हात थरथरतो, आणि जिन्याच्या दोन पायऱ्यांत दम लागतो. होडीत चढणं संपलं.

मग चूक कुणाची ते ठरवायला सगळे आले. मेकॅनिक म्हणाला, "मी उजवीकडेच खडू मारलावता." बंदरावरचे म्हणाले, आम्ही तेव्हाच म्हणालो होतो, होडीत विस्तव नको. असं कुणीच म्हणालं नव्हतं.  मामांनी मंगळवारी स्वतः माळ नेऊन होडीला बांधली आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. मग एक सोपं उत्तर सापडलं. जाऊबाई पाणवठ्यावर म्हणाल्या, "हिलाच हौस होती. दारात येऊन पैसे मागितले हिनं." तेव्हापासून गोष्टीत येडी बायको आली. देवीचा आणि डाव्या अंगाचा भाग गळून गेला, तो कुणालाच नको होता.

होडी विकली, ते पैसे दवाखान्यात गेले. हीटर मेकॅनिकनं भंगाराच्या भावात परत घेतला. भावजींचे पैसे तसेच राहिले.

नवऱ्याला घरी आणलं त्या आठवड्यातच भावजी आले. पाय दुमडून बसले, भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा, हंगाम चालू हाय. जागा रिकामी राहिली तर पुनवेला जाईल. माझ्याकडं एक माणूस हाय, तो जाळं लावील. जागा घरात राहील."

"आणि म्हावरं?" नवऱ्यानं विचारलं.

"ते पैशांचं व्याज समज. पैसे फिटले की जागा तुझी. मी काय परका हाय?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? पैसे फेडायचे आणि जागा सोडवायची, एवढंच मला समोर दिसत होतं. जागा सुटल्यावर नवरा नाही गेला तरी आम्हीही माणूस ठेवला असता, अर्धा वाटा आला असता, दोन माणसांचं भागलं असतं.

मग मी लागले. पूर्वी आमच्या जाळ्यातली मासळी विकायची, आता दुसऱ्यांची घेऊन रोह्याच्या बाजारात बसले. कधी कधी त्या पाटीत आमच्याच जागेची कोळंबी असायची. भावजींचा माणूस मला दर लावून द्यायचा आणि वर म्हणायचा, "ताजी हाय हो, बघून घ्या." गिऱ्हाईकाला ओरडून बोलवायचं मला जमत नव्हतं. शेजारची ओरडायची, तिच्याकडचे उरलेले माझ्याकडे यायचे. पावसाळ्याच्या आधी पेणला माहेरी राहून गणपतीच्या कारखान्यात जायची, मूर्ती घासायला. दिवसभर पॉलिश पेपर. तिथं बोलावं लागत नाही, तेवढं बरं होतं. नाकातोंडात पांढरी भुकटी जायची आणि मला नवऱ्याच्या टाक्या आठवायच्या.

थोडे जमले की नेऊन द्यायची. भावजी न बघता खिशात घालायचे. "काय घाई गो वहिनी? पळून चाललीस काय?" आणि पाहुणे असले की, "हीटरचे बरं का हे. आठवतंय ना?" पाहुण्यांना आठवायचं.

एका नारळी पुनवेला मी बायकांमध्ये मागे उभी होते. नवरा बांधावर खुर्चीत बसला होता, त्याच्या मांडीवर नारळ. मी त्याला घरूनच आणून बसवलं होतं. पंच एकेका जागेचं नाव घेत होते. आमच्या जागेचं नाव घेतलं आणि नवरा खुर्चीचा हात धरून उठायला लागला. त्याला वेळ लागतो. तो अर्धा उठला तोवर पुढच्या रांगेतून भावजी उठले आणि म्हणाले, "आमची." नारळ दिला. पंचांनी घेतला.

नवरा म्हणाला, "अरे, मी हाय ना." फार हळू म्हणाला. पंचांपैकी एकानं ऐकलं.

"दादा, जाळं कोण लावतंय? ज्याचं जाळं त्याचा नारळ. आणि जागा घरातच हाय की. भाऊच हाय तुझा."

भावजी वळून म्हणाले, "बस दादा, दम लागंल."

मी ओरडायला हवं होतं. चिखलात ओरडले तशी. पण चाळीस बायका बाजूला होत्या. मामाही तिथं होते. काठी टेकून त्यांनी पाण्याकडे बघितलं. आम्ही नारळ परत घरी आणला. नवरा म्हणाला, "फोड, चटणी कर." मी केली. तो जेवला नाही.

त्या रात्रीपासून मला पक्कं माहीत होतं, जागा गेली. पैसे फेडले काय, न फेडले काय, पंचांच्या तोंडी आता भावजींचं नाव बसलं. जाऊबाईंनाही माहीत होतं, म्हणून त्या माझ्याशी जरा गोड बोलायला लागल्या. नवरा म्हणाला, "आता कशाला देतेस? त्यानं घेतलं ना त्याचं?" बरोबर होतं त्याचं. व्याज म्हणून तेवढी वर्षं आमची मासळी गेली, मुद्दल म्हणून जागा गेली. तरी मी बाजारात बसत राहिले आणि पेणला जात राहिले. का ते मला नीट लिहिता येत नाही. त्यांच्या जेवणाच्या ताटापुढे मी जमिनीकडे बघून उभी होते, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. जागा त्यांनी घेतली ती घेतली, पण भावावर उपकार केले हे तरी त्यांना म्हणता येऊ नये.

यंदा गणपतीच्या कारखान्यातला हिशेब मिळाला आणि शेवटचे पैसे जमले. मी संध्याकाळी गेले. मामा भावजींच्या ओटीवर बसलेले असतात हल्ली, तिथं पंखा आहे. भावजी टीव्ही बघत होते. मी पैसे त्यांच्या पुढ्यात टेबलावर ठेवले.

"ठेव गो, बघतो मग."

"मोजा," मी म्हणाले.

"घरातल्या माणसात मोजायचं काय?"

"मोजा भावजी."

जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. भावजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. थुंकी लावून मोजले. एकदा माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं नाही.

"पुरे हायेत," ते म्हणाले. "झालं समाधान?"

"मामांना सांगा."

"काय सांगू?"

"फिटले म्हणून."

मामा ओटीवरून आतच बघत होते. भावजींनी नोटा घडी करून खिशात घातल्या, तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "बाबा, हीटरचे पैसे फिटले."

मामांनी मान हलवली. मी चपला घातल्या आणि घरी आले. नवरा दारातच बसला होता. त्यानं विचारलं, मी सांगितलं, सगळे दिले, आता काही राहिलं नाही.